केरबाच्या गाडीचा उलटा पंख

कोल्हापूरच्या पलीकडं, जिथं ऊस संपून माळ सुरू होतो, तिथं शिरढोळी नावाचं गाव आहे, आणि त्या गावात केरबा नावाचा एक भोळा माणूस राहायचा. गावात शहाणी माणसंही भरपूर होती. पण त्यांच्या गोष्टी ऐकायला कुणाला वेळ नसतो.

केरबा मुद्दाम कधी काही चुकीचं करायचा नाही. त्याला जे सांगितलं जाई ते तो जसंच्या तसं करायचा, सगळा घोटाळा तिथंच होता. सांगून झालं की तो मान हलवून म्हणायचा, "कळलं." हा शब्द कानावर पडला की त्याची बायको वैजयंता घरातल्या फुटणाऱ्या वस्तू उचलून माळ्यावर ठेवायची.

केरबाकडं एक जुनी, पांढरी, छोटी गाडी होती. गावाबाहेर चिंचमाळावर कुणा हौशी माणसानं डांबरी ट्रॅक बांधला होता, आणि महिन्यातल्या एका रविवारी तिथं ट्रॅक डे असायचा. ट्रॅक डे म्हणजे ज्या गाडीतून सोमवारी भाजी आणायची, तीच गाडी रविवारी जीव खाऊन पळवायची, गोल गोल फिरवायची, आणि जिथून निघालो तिथंच परत यायचं. यासाठी लोक पुण्याहून येत. शिरढोळीच्या म्हाताऱ्यांना याचं फार आश्चर्य वाटायचं, कारण त्यांचे बैलही घाण्याभोवती असेच फिरायचे, पण त्या बैलांना कुणी हेल्मेट घातलं नव्हतं.

केरबाला या गोल फिरण्याचं वेड लागलं. घरात मात्र सगळ्यांचं लक्ष दुसरीकडं होतं. त्याची धाकटी बहीण नंदा हिचं लग्न ठरलं होतं, आणि ते मोठ्या मुश्किलीनं ठरलं होतं. आधीची स्थळं केरबाशी बोलून परत गेली होती. आंबेसरीच्या सुहासला मात्र नंदा आवडली होती, आणि नंदालाही तो मनापासून आवडला होता. अडचण एकच, सुहासचे आजोबा. दत्ताजी तात्या. त्यांनी सगळी नोकरी साखर कारखान्याचा भोंगा वाजवण्यात काढलेली. अख्ख्या नोकरीत भोंगा कधी उशिरा वाजला नव्हता, आणि लग्नही उशिरा लागलेलं त्यांना चालणार नव्हतं.

"मुहूर्त म्हंजे मुहूर्त," तात्यांनी सुपारी फुटताना सांगितलं होतं. "तो टळला की माझा नातू बोहल्यावरनं खाली. मग पुन्हा बोलायला येऊ नगा."

केरबानं मान हलवली होती. "कळलं," म्हणाला होता. नंदानं तेव्हाच देवाला नवस बोलला.

तर पहिला ट्रॅक डे झाला. लांबच्या वळणावर केरबाची गाडी मागून घसरली आणि शेजारच्या शाळवात, उभ्या ज्वारीत, जाऊन उभी राहिली. ट्रॅकवर अभिनंदन चौगुले नावाचा एक इंजिनिअर यायचा. विमानाचं शिकलेला, पुण्यात नोकरी करणारा. शिकलेल्या माणसाला समोर कुणी ऐकणारा दिसला की राहवत नाही. तो शाळवातून चालत आला.

"वेग वाढला की गाडी मागनं हलकी होते," अभिनंदन म्हणाला. "मागं दाब पाहिजे. पुढच्या वेळी त्याची सोय करून ये."

"कळलं," केरबा म्हणाला.

पुढच्या महिन्यात केरबानं डिकीत आईचं जातं ठेवलं. त्यावर पाटा, त्यावर वरवंटा, आणि या सगळ्यावर नजर ठेवायला भैरूमामा. भैरूमामा म्हणजे त्याचा सख्खा मामा, तालमीत वाढलेला आणि पुढं नुसताच वाढत गेलेला. मामा डिकीत बसले तशी गाडीनं पुढची चाकं जवळजवळ उचललीच.

लांबच्या वळणावर आधी वरवंटा बाहेर पडला, मग पाटा. जातं पडलं नाही, कारण मामांनी ते मिठी मारून धरलं होतं. जात्यासकट मामाच पडले.

"अरे, वजन न्हवं, वजन न्हवं," अभिनंदन पळत येऊन म्हणाला. "वाऱ्यानं दाबलं पाहिजे. त्यासाठी मागं पंख लावतात. विमानाचा पंख असतो ना, तो वर उचलतो. तोच उलटा करून गाडीला लावला की खाली दाबतो. ध्यानात ठेव, जे उचलतं ते उलटं केलं की दाबतं."

"कळलं," केरबा म्हणाला. मामा शाळवात बसून कंबर चोळत होते.

केरबा पत्र्याचं काम करणाऱ्याकडं गेला आणि त्यानं छान रुंद पंख करून घेतला. डिकीवर उलटा बसवला. वैजयंतानं पंखाला हळदकुंकू लावलं आणि नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी तिनं पंखावर धुणं वाळत घातलं, आणि त्या दिवसापासून घरात पंखाविषयी कुणाची तक्रार राहिली नाही.

म्हणजे इथवर सगळं बरोबर होतं. पण बरोबर ठिकाणी थांबायची केरबाला सवय नव्हती. मागची सोय झाली, आता पुढं काय? गाडीत आणखी काय काय उचलतं, याचा तो रात्रंदिवस विचार करत बसला. आणि त्याला सापडलं.

ट्रॅकवर गाड्या आत सोडण्याआधी तपासतात. अभिनंदननं केरबाच्या गाडीभोवती एक चक्कर मारली. पंख पाहून त्याला बरं वाटलं. मग तो बॉनेटपाशी आला आणि थांबला.

"हे काय आहे?"

"जॅक."

"बॉनेटवर?"

"दाबायला."

"आणि उलटा का लावलाय?"

केरबाला त्या इंजिनिअरची कीव आली. "सुलटा लावला तर गाडी उचलंल की, साहेब."

अभिनंदननं हातातली तपासणीची वही मिटली. मग शांतपणे म्हणाला, "जॅक काढ. पुढं बंपरच्या खाली एक फळी लाव, जमिनीलगत. गाडीच्या पोटाखाली वारा शिरला की गाडी हलकी होते. वाऱ्याला शिरायला फट ठेवायची न्हाई. एवढंच."

"कळलं."

केरबानं फळी लावली. अगदी जमिनीलगत लावली. इतकी, की गावातल्या पहिल्याच गतिरोधकावर गाडी फळीसकट चढली आणि मधोमध टेकून झुलायला लागली. लोकांनी उचलून पलीकडं ठेवली. ग्रामपंचायतीसमोरच्या गतिरोधकावरूनही लोकांनीच उचलून ठेवली. शाळेपाशीही. ट्रॅकपर्यंत गाडी निम्मी इंजिनावर आणि निम्मी गावकऱ्यांच्या खांद्यावर गेली. हे काही अभिनंदननं सांगितलेलं नव्हतं, पण कुणी कुरकुर केली नाही. एवढ्या मोठ्या कामात गावाचा हातभार लागतोच.

सांगितलेलं होतं ते फटींचं. केरबानं चिकटपट्टी घेऊन एकूण एक फट बंद केली होती. पुढची जाळी बंद केली. काचांच्या कडा बंद केल्या. शेवटी तो आत बसला आणि त्याच्या सांगण्यावरून वैजयंतानं बाहेरून चारही दारांना पट्टी मारली. तिनं दोन थर मारले. तिच्याही मनात काही असेल.

पुढची जाळी बंद झाल्यावर इंजिनाला वारा कुठून मिळणार? पहिल्या फेरीतच बॉनेटखालून वाफा निघायला लागल्या. केरबा गाडी थांबवून काचेतून हात हलवत होता. लोकांना वाटलं, हा ओळख दाखवतोय. त्यांनीही हात हलवले. बाहेर रेडिएटर उकळत होता आणि आत केरबा शिजत होता.

चाकूनं पट्ट्या कापून त्याला बाहेर काढला, तोवर अभिनंदनचा आवाज चढला होता.

"अरे मर्दा, इंजिनाला वारा लागतो. जिथं तापतं तिथं वाऱ्याला वाट करून द्यायची. तिथं भोक पाडायचं. समजलं का?"

केरबा घाम पुसत पुसत, अगदी समाधानानं म्हणाला, "कळलं."

त्या आठवड्यात केरबाच्या आईला ताप आला. वैजयंतानं ड्रिल मशीन शेजाऱ्यांकडं नेऊन ठेवलं.

पण आईचा ताप उतरला, शेजाऱ्यांनी मशीन आपण होऊन परत आणून दिलं, आणि केरबा कामाला लागला. गाडी तापवली. मग कुठं जास्त तापतं ते हात लावून लावून बघितलं. बॉनेट तापलं होतं, पण रेडिएटर त्याहून जास्त तापला होता. सगळ्यांत जास्त तापलेल्या जागेचा मान पहिला. केरबानं रेडिएटरला आरपार, सुबक, गोल भोक पाडलं. सगळं पाणी अंगणात वाहून गेलं. केरबानं हात लावून बघितलं आणि बायकोला हाक मारली.

"वैजू, बघ. गार पडायला लागलं."

गाडी ओढत मिस्त्रीकडं नेली. मिस्त्रीनं नवा रेडिएटर बसवला, फळी वर घेतली आणि केरबाला गाडीपासून लांब बसायला सांगितलं. पुढच्या ट्रॅक डेला अभिनंदन भेटला तेव्हा तो दमलेला दिसत होता. शिकवणाऱ्याला शिकणाऱ्यापेक्षा जास्त त्रास होतो, हे त्याला पुण्याच्या कॉलेजात कुणी सांगितलं नसावं.

"केरबा, हे बघ," तो म्हणाला. "आता गाडीला काहीच लावू नकोस. भोक पाडू नकोस, काही उलटं करू नकोस. आता फक्त काढ. वाऱ्याला जे अडवतं ते काढ. जे जड आहे ते उतरव. वेळेत पोचायचं असेल तर गाडीत गरजेपुरतंच ठेवायचं. बाकी सगळं खाली."

"कळलं," केरबा म्हणाला.

अभिनंदनला हलकं वाटलं. काढण्यात माणूस किती चुकणार, असं त्याला वाटलं. भरपूर शिकलेला होता, त्यामुळे त्याला असं वाटू शकत होतं.

आणि मग नंदाचं लग्न आलं. लग्न आंबेसरीत, मुलाच्या दारात. वैजयंता, आई आणि सगळं वऱ्हाड सकाळीच टेम्पोतून पुढं गेलं. नवरीसाठी फुलं लावलेली गाडी ठरवली होती. पण त्या दिवशी तिथी दाट, आणि गाडीवाल्यानं ती एकाच वेळी दोन लग्नांना कबूल केलेली. ती दुसरीकडं गेली. गावात आता एकच गाडी उरली होती, आणि तिच्या मागं पंख होता.

"दादाच्या गाडीतनं?" नंदा म्हणाली. तिचे डोळे भरून आले. एवढं सगळं जुळून आलं आणि शेवटचा रस्ता हा असा.

"रडू नगंस," भैरूमामा म्हणाले. "मी हाय की संगट."

केरबानं मात्र जीव ओतून तयारी केली होती. बहिणीवर त्याचा फार जीव होता, यात काही खोटं नाही. त्यानं गाडी धुतली. दारांना झेंडूच्या माळा लावल्या. टपावर कॅरिअर बांधून त्यावर रुखवत चढवलं. पितळी समई, तांब्याचा बंब, कापसाची बैलगाडी, करंज्यांचा मनोरा, आणि मावशीनं वर्षभर खपून केलेलं लोकरीचं तुळशीवृंदावन. पुढं मामा बसले. मागं शालू, मुंडावळ्या आणि हिरव्या चुड्यातली नंदा. निघायला उशीर झाला, कारण मामांना पट्टा लावता लावता वेळ गेला.

माळावर आल्यावर समोरून वारा सुटला. टपावरचा बंब शीळ घालायला लागला. गाडीचा वेग काही वाढेना.

"दादा, पोचू ना वेळेत?" नंदानं विचारलं.

केरबानं तिच्याकडं आरशात बघितलं. तिचा चेहरा एवढासा झाला होता. आणि नेमकं तेव्हाच त्याला इंजिनिअरसाहेबांचं सांगणं आठवलं. आता आपली बहीण वेळेत पोचणार, याबद्दल त्याच्या मनात शंका राहिली नाही. त्यानं गाडी थांबवली.

आधी रुखवत उतरवलं. रस्त्याकडंच्या बाभळीखाली नीट मांडलं. मामा म्हणाले, "अरं, ह्याला राखण कोण?" केरबा म्हणाला, "तुमीच की." एका दगडात रुखवत आणि मामा दोन्ही उतरले. गाडी वर आली.

मग कॅरिअर काढलं. झेंडूच्या माळा फडफडत होत्या, त्या काढल्या. बाहेरचे आरसे वाऱ्याला अडवत होते, ते काढले. पंख काढला. फळी काढली. स्टेपनी काढली. इतक्या रविवारांत केरबा एक गोष्ट मात्र खरोखर शिकला होता, पाना चालवायला. त्याचा हात असा चालला होता, की बघणाऱ्याला वाटावं हे कुणा शहाण्या माणसाचे हात आहेत.

गाडी पळायला लागली. नंदाला जरा बरं वाटलं. घोरपडीच्या खिंडीत चढ लागला आणि गाडी पुन्हा मंदावली. खिंडीत फोनला रेंज नसते, माणसाला हाक मारली तर माणूसही नसतो.

"मागची सीट जड हाय," केरबा म्हणाला. "तू पुढं ये."

नंदा पुढं येऊन बसली. मागची सीट झाडाखाली गेली. गाडी थोडी पुढं गेली आणि पुन्हा धापा टाकायला लागली. केरबानं घड्याळ बघितलं. मग गाडीत नजर फिरवली. आता काढण्यासारखं काय उरलंय? गाडीत दोघंच होते. तो आणि नंदा. दोघांपैकी एकालाच गाडी चालवता येत होती.

"नंदे, जरा उतर. ही सीट बी काढूया."

नंदाला वाटलं, चढ संपेपर्यंत चालत जायचं असेल. ती शालू सावरत उतरली. केरबानं पुढची सीट काढून रस्त्याच्या कडेला, सावली बघून ठेवली. हातानं पुसली.

"बस हितं. शालू मळवू नगंस," तो मायेनं म्हणाला. "काळजी करू नगंस. आता मुहूर्त चुकत न्हाई."

नंदा सीटवर बसली. चढ संपला तरी गाडी न थांबता दिसेनाशी झाली, तेव्हा ती उठून उभी राहिली. मग पुन्हा बसली. मग मुंडावळ्या सुटेपर्यंत रडली.

आंबेसरीत मांडव भरला होता. अक्षता वाटून झाल्या होत्या. अंतरपाट घेऊन दोघं जण उभे होते, आणि पलीकडं सुहास पाटावर उभा राहून रस्त्याकडं बघत होता. भटजी दोनदा खाकरले. दत्ताजी तात्या हातात घड्याळ धरून मांडवाच्या तोंडाशी उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर कारखान्याच्या भोंग्याआधीची शांतता होती.

तेवढ्यात लांबून धुरळा दिसला. बिनआरशांची, बिनफुलांची, नुसती पांढरी गाडी सुसाट आली आणि मांडवासमोर थांबली. घटका भरायला अजून वेळ होता. वाजंत्र्यांनी सनई धरली. वैजयंता ओवाळणीचं ताट घेऊन पुढं धावली. नंदाच्या आईनं डोळ्यांना पदर लावला. केरबा दार उघडून उतरला, घाम पुसला आणि ताठ उभा राहिला. आजवर त्याचं काही असं बरोबर झालं नव्हतं.

वैजयंता गाडीत वाकून बघत होती. ताट हातात तसंच.

"अवो, वन्सं कुठं हायत?"

"खिंडीत."

"खिंडीत?"

"सीटवर बसलीया. शालू मळू दिला न्हाई."

सनई थांबली. सुहास अंतरपाटाखालून वाकून बाहेर आला. दत्ताजी तात्या सावकाश चालत केरबापाशी आले. घड्याळ त्यांनी केरबासमोर धरलं.

"आणि नवरीला खिंडीत ठेवून तू हितं कशाला आलास?"

केरबानं तात्यांच्या हातातलं घड्याळ त्यांच्याकडंच वळवलं आणि काट्यावर बोट ठेवलं.

"बघा की, तात्या," तो म्हणाला. "तिला घेऊन आलो असतो तर मुहूर्त गाठलाच नसता."